रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : दगडातली हाडे गोळा करणारा मिशनरी



चरित्राच्या पानावर आपण बहुतेक वेळा संतांविषयी वाचतो. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते संत नव्हते. आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचेही नव्हते. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते आणि त्यांचे सारे कार्य आपल्याच महाराष्ट्रात, पण आपल्यापासून खूप दूर विदर्भात झाले. नागपूरला शिकायला गेलेल्या कुणाला विचारा, हिस्लॉप कॉलेज त्याला ठाऊक असते. मात्र ज्यांच्या नावाने ते कॉलेज आहे त्या माणसाने मुलांना शिकवता शिकवता जमिनीतून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे प्राणी बाहेर काढले, हे फार थोड्यांना माहीत असते. ते प्राणी पुढे काय काय सांगू लागले, ती हकिगत त्यांच्या चरित्राइतकीच वाचण्यासारखी आहे. म्हणून आज दोन्ही एकत्र.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. ८ सप्टेंबर म्हणजे आपला मोंतीचा दिवस, पवित्र मरियेचा जन्मदिन. लहानपणापासून किडे, फुलपाखरे, दगड जमवायचा त्यांना नाद होता. पुढे त्यांनी एडिंबरो आणि ग्लासगो येथे शिक्षण घेतले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारात सरकारने व जमीनदारांनी हात घालू नये असे म्हणणारे शेकडो धर्मोपदेशक पगार व घरदार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉप त्यांच्याच बाजूचे. त्याच सुमारास मद्रासच्या सैन्यातील एका अधिकाऱ्याने नागपूर भागात मिशन सुरू करण्यासाठी मोठी देणगी दिली होती. तिथे जायला माणूस हवा होता. हिस्लॉप तयार झाले. १८४४ च्या डिसेंबरात ते पत्नीसह मुंबईला उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोचले. त्या वेळी त्यांचे वय २७ होते.

नागपुरात तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी गादीवर होते. १८५३ साली ते निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. हिस्लॉप यांनी हे दोन्ही काळ पाहिले. त्यांनी १८४६ साली शाळा काढली, मराठी शिकून घेतली आणि मराठीतच ते लोकांशी बोलू लागले. बाजारात उभे राहून उपदेश, सकाळी शाळा, दुपारी पुन्हा शाळा, थंडीच्या दिवसांत बैलगाडीने किंवा घोड्यावरून खेडोपाडी दौरा, असा त्यांचा क्रम असे. गोंड लोकांच्या वस्त्यांत जाऊन त्यांची भाषा, चालीरीती आणि कथागीते त्यांनी टिपून घेतली. हे काम त्या काळी कुणी फारसे करीत नसे. १८४७ पासून रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या सोबतीला होते. प्रकृती बिघडल्यामुळे हंटर १८५५ मध्ये परत गेले आणि पुढे त्यांनी इंग्रजीचा एक मोठा ज्ञानकोशीय शब्दकोश तयार केला. दोघांनाही दगडांचे वेड. एकाच ठिकाणी असे दोघे जमणे हा योगच म्हणायचा.

नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची आहे. आपल्या सह्याद्रीचा जो दगड, तोच हा. जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा लाव्हा आला, असे थरावर थर. त्यात हाडे कुठून मिळणार? आपल्या चिरेखाणीत कधी कुणाला हाड मिळाल्याचे ऐकले आहे काय? पण नागपूरजवळच्या टाकळी या गावी दोन लाव्हांच्या मध्ये चिखलाचा एक पातळ थर अडकलेला या दोघांच्या नजरेस आला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी होत्या, माशांचे अवशेष होते, किड्यांच्या पंखांचे तुकडे होते, फळे व बिया होत्या. याचा अर्थ असा की एक लाव्हा थंड झाल्यानंतर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ गेला होता. तेवढ्यात तिथे तळी साचली, शेवाळ आले, जीव आले, पिढ्यान् पिढ्या नांदले आणि मग पुन्हा आग आली.

त्या गोगलगायीपासूनच आपल्या विषयाला सुरुवात करू या. किनाऱ्यावर मिळणारा कुठलाही शंख हातात घ्या. त्याचे टोक म्हणजे त्या जिवाचे बालपण. पिल्लू असताना जेवढा शंख होता तेवढा तो टोकाशी तसाच राहतो आणि पुढे तोंडाच्या बाजूने वाढत जातो. म्हणजे मोठ्या शंखात त्याच जिवाची लहानपणची, तरुणपणची आणि म्हातारपणची अशी सारी रूपे एकत्र असतात. दगड झालेल्या शंखातही ती तशीच राहतात. आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे मात्र तसे नाही. आपले बालपणीचे हाड मोठेपणी शिल्लक उरत नाही. ते आतून झिजते, बाहेरून भरते, आकार बदलते. त्यामुळे कणा असलेल्या प्राण्याचे एखादे हाड दगडात मिळाले की पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे मोठ्या प्राण्याचे की पिल्लाचे? हा प्रश्न किती अवघड आहे ते हिस्लॉप यांच्याच एका शोधावरून दिसते.

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मांगली नावाचे गाव आहे. तिथल्या लाल वालुकाश्मातून हिस्लॉप आणि हंटर यांच्या हाती एक लहानशी कवटी आली. तोंड आखूड, डोके रुंद आणि चपटे. त्यांनी ती लंडनला पाठवली. तिथे रिचर्ड ओवेन हे त्या काळचे सर्वांत मोठे हाडतज्ज्ञ होते. डायनोसॉर हा शब्द १८४२ साली त्यांनीच तयार केला. ओवेन यांनी १८५५ साली या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या दगडांवरचा व जीवाश्मांवरचा दीर्घ लेखही छापून आला. शाळेचे हिशेब, आजारपणे, हंटर यांची परत जायची तयारी, हे सारे चालू असताना तो लेख लिहिला गेला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ब्रॅकिऑप्स हा बेडकाच्या दूरच्या गोतावळ्यातला प्राणी. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा सह्याद्री नव्हता, अरबी समुद्र नव्हता आणि आपला देश आफ्रिका, मादागास्कर व ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता. बेडूक आपल्याला नवे नाहीत. मृगाचा पाऊस पडला की रात्रभर त्यांचे ओरडणे चालते आणि आठ-दहा दिवसांनी शेतातल्या पाण्यात काळ्या बेडूकमाशांची झुंबड उडते. बेडूकमाशाला शेपटी असते, पाय नसतात, तो कल्ल्यांनी श्वास घेतो. पुढे पाय फुटतात, शेपटी जिरते, फुप्फुसे येतात. ज्याने हे कधी पाहिलेच नाही अशा माणसाला एका बाटलीत बेडूकमासा आणि दुसऱ्या बाटलीत बेडूक असे दाखवले, तर तो हे दोन वेगळे प्राणी आहेत असेच शपथेवर सांगेल. दगडातले प्राणी पाहणाऱ्यांची स्थिती नेमकी अशीच होती.

जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळच्या चुनखडीत लहान लहान सॅलॅमँडरसारखे पुष्कळ सांगाडे मिळत. त्यांच्या मानेशी कल्ल्यांच्या खुणा स्पष्ट दिसत. त्यांना एक वेगळी जात म्हणून नाव मिळाले होते. हेर्मान क्रेडनर या भूशास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या काळात असे शेकडो सांगाडे जमवले आणि एक साधी गोष्ट केली. ते लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत मांडले. तेव्हा दिसले की लहानांना कल्ले आहेत, डोळे मोठे आहेत, तोंड आखूड आहे. जसजसा सांगाडा मोठा तसतसे तोंड लांबते, हाडे घट्ट होतात आणि कल्ल्यांच्या खुणा नाहीशा होतात. ज्यांना वेगळी जात समजले होते त्यातले काही तर नुसती पिल्ले निघाली. शाळेत मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात त्यासारखीच ही युक्ती आहे, पण तिने एक शास्त्र बदलले.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. क्रेडनर यांच्यानंतरच्या अभ्यासात असेही दिसले की यातले काही प्राणी कधीच पुढे जात नसत. कल्ले तसेच ठेवून, पाण्यातच राहून, पिल्लाच्या रूपातच ते वयात येत आणि अंडी घालत. हे कसे शक्य आहे असे वाटेल. पण मेक्सिकोत ॲक्सोलॉट्ल नावाचा असा प्राणी आजही आहे. १८६५ साली पॅरिसमधील ओग्युस्त द्युमेरील यांच्या टाकीत जन्मलेल्या काही ॲक्सोलॉट्लनी अचानक कल्ले टाकले आणि ते जमिनीवरचे सॅलॅमँडर झाले, तेव्हा सारे चकित झाले होते. ते तोवर पिल्लेच होते, आणि पिल्लेच आईबाप होत होती! वाढीचे वेळापत्रक थोडे मागे-पुढे झाले की एका प्राण्यातून दुसरा वाटावा असा प्राणी तयार होतो. नवे काही अवयव लागत नाहीत. जे आधीपासून आहे तेच लवकर थांबते किंवा उशिरापर्यंत चालू राहते.

आता मांगलीच्या कवटीकडे पुन्हा पाहा. आखूड तोंड, रुंद डोके. या कुळातील इतर प्राण्यांच्या पिल्लांचे डोके असेच असते आणि मोठेपणी त्यांची तोंडे मगरीसारखी लांब होतात. ब्रॅकिऑप्स आणि त्याचे भाऊबंद मोठेपणीही आखूड तोंडाचेच राहिले. बालपणीची ठेवण त्यांनी आयुष्यभर जपली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. हिस्लॉप यांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त ती कवटी ओळखली, जपली आणि योग्य माणसाकडे पाठवली. एवढेही त्या काळी कितीजणांनी केले असते?

शास्त्रज्ञ या विषयात एकदा बरेच भरकटले होते, तेही सांगितले पाहिजे. कार्ल फॉन बेअर यांनी १८२८ साली दाखवले होते की मासा, कोंबडी, माणूस यांचे गर्भ सुरुवातीला एकमेकांसारखे असतात आणि पुढे आपापल्या वाटेने वेगळे होत जातात. जर्मनीच्या एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली त्यापुढे उडी मारली. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक गर्भ आपल्या साऱ्या पूर्वजांची रूपे क्रमाने पुन्हा घेतो. ते म्हणणे ऐकायला छान होते आणि पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. पण ते खरे नव्हते. ॲक्सोलॉट्लसारखा प्राणी त्यात बसतच नाही, कारण तो पुढे जाण्याऐवजी मागेच थांबतो. १९३० साली गॅविन डी बीअर यांनी इंग्लंडमध्ये एक छोटे पुस्तक लिहून हा गुंता सोडवला. त्यांनी दाखवले की वाढीचा वेग आणि वेळ दोन्ही दिशांना बदलू शकतात.

हिस्लॉप यांच्या नावाशी जोडलेली दुसरी वस्तू म्हणजे दात. नागपूरच्या खूप दक्षिणेला, प्राणहिता नदीच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मलेरी या गावाजवळ काही विचित्र दात मिळाले. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन केले आणि एका जातीला हिस्लॉप यांचे, दुसरीला हंटर यांचे नाव दिले. सेराटोडस हिस्लोपियानस आणि सेराटोडस हंटेरियानस. एकाच गाडीतून दौरे करणारे दोन मित्र अशा रीतीने दगडातही शेजारी बसले.

दातांवरून आठवले. आपल्या ख्रिस्तसभेतही दगडातल्या दातांचा एक मोठा अभ्यासक होऊन गेला. डेन्मार्कचे नील्स स्टेन्सेन. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड मोरीचे डोके त्यांनी चिरले आणि डोंगरात सापडणाऱ्या ज्या त्रिकोणी दगडांना लोक सापाच्या जिभा समजत ते मोरीचे दात आहेत असे सांगितले. पुढे ते कॅथोलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्य म्हणून घोषित केले. मोरीचा जबडा आपल्या कोळी-गाबीत बांधवांना नीट माहीत आहे. दातांच्या रांगांमागे रांगा. पुढचा पडला की मागचा सरकून पुढे येतो, आणि हे जन्मभर चालते. म्हणूनच मोरीचे दात दगडांत इतके सापडतात. मोरीचे मटण आपण सगळेच खातो, पण पुढच्या वेळी जबडा टाकून देण्याआधी मुलांना एकदा दाखवायला हरकत नाही.

मलेरीचे दात याच्या अगदी उलट. ते कधी पडत नाहीत. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी किंवा पंख्यासारखी उंचवट्यांची एक जाड पाटी, वरती दोन, खाली दोन. असे दात युरोपातही मिळत होते आणि १८३८ साली लुई ॲगासी यांनी त्यांना सेराटोडस हे नाव दिले होते. पण तो मासा दिसतो कसा हे कुणालाच माहीत नव्हते, कारण दातांशिवाय फारसे काही मिळतच नव्हते. तो केव्हाच नष्ट झाला असे सर्व धरून चालले होते. मग १८७० साली एक मजा झाली. ऑस्ट्रेलियात विल्यम फॉर्स्टर नावाचे गृहस्थ सिडनीच्या संग्रहालयाचे क्रेफ्ट यांना सांगत असत की आमच्या बर्नेट नदीत एक विचित्र मासा आहे. क्रेफ्ट यांचा त्यावर विश्वास बसत नसे. शेवटी मासा आला, त्यांनी तोंड उघडून पाहिले, तर आत तीच पंख्यासारखी पाटी! हा फुप्फुसाने श्वास घेणारा मासा निघाला. क्रेफ्ट यांनी त्याला फॉर्स्टर यांचेच नाव दिले. तेवढे तर त्यांनी द्यायलाच हवे होते.

हिस्लॉप यांना हे पाहायला मिळाले नाही. १८७० साली ते हयात नव्हते. पण त्यामुळे मलेरीच्या दातांना वाचा फुटली. जर्मनीचे रिचर्ड सेमोन १८९१ साली बर्नेट नदीवर जाऊन राहिले, त्यांनी या माशाची अंडी जमवली आणि पिल्ले वाढताना पाहिली. पिल्लाच्या तोंडात आधी सुटे सुटे, टोकदार, अगदी बारीक दात येतात. ते रांगांत उभे राहतात. मग एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची पाटी होते. पुढे मासा जसा वाढतो तसे रांगांच्या बाहेरच्या टोकाला नवे दात जोडले जातात. म्हणजे प्रत्येक पाटीत आतल्या बाजूला बालपण आणि बाहेरच्या काठाला आजचा दिवस. कणा असलेल्या प्राण्यात शंखासारखी ही सोय फारच क्वचित सापडते. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या मलेरीच्या माशाची पाटीही याच रीतीने वाढलेली आहे, आणि तिच्यावरून त्या माशाचे लहानपण आज वाचता येते. इतक्या काळात मासा तोच राहिला नाही, पण दात वाढवायची पद्धत त्याने सोडली नाही.

आता मनात एक शंका येईल. बायबल शिकवणाऱ्या माणसाला कोट्यवधी वर्षांचे दगड अडचणीचे वाटले नाहीत काय? हिस्लॉप ज्या फ्री चर्चमधून आले तिथे त्यांच्या आधीच ह्यू मिलर नावाचा एक पाथरवट प्राचीन माशांवर पुस्तके लिहून लोकप्रिय झाला होता. पृथ्वी फार जुनी आहे हे त्या मंडळींना मान्य होते. उत्पत्तीच्या पुस्तकातील दिवस हे आपले २४ तासांचे दिवस नव्हेत असे ते समजत. डार्विन यांचे पुस्तक १८५९ साली आले, तेव्हा वाद पेटला. आपल्या चर्चपुरते सांगायचे तर पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासकांना चर्चा करायची मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली पोपच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. तरीही आपल्याकडे काही जण व्हॉट्सॲपवर आलेले उलटसुलट वाचून घाबरून जातात, त्याचे वाईट वाटते.

हिस्लॉप यांचा अंत अचानक झाला. १८६३ साल. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेम्पल यांना त्यांच्या अभ्यासाचे मोल कळले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला सर्व गेले होते. विदर्भात अशी वर्तुळे पुष्कळ आहेत, त्याखाली जुन्या काळच्या माणसांनी आपले मृत पुरलेले आहेत. काम आटोपल्यावर बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप गावातली शाळा पाहायला मागे थांबले. मुलांची परीक्षा घेतली आणि संध्याकाळी एकटे घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. अंधारात घोडा तेवढा मुक्कामाला पोचला, वर स्वार नव्हता. लोक दिवट्या घेऊन धावले. मृतदेह पाण्यातच मिळाला. त्यांना ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. ओढ्याला पाणी चढले की पलीकडे जायचे नाही, हे आपल्या कोकणात लहान मुलालाही सांगतात. पण शाळेसाठी थांबलेल्या माणसाला उशीर झाला होता.

त्यांच्या मागे कागदांचे गठ्ठे राहिले. गोंड व इतर आदिवासींवरची त्यांची टिपणे आणि गोंडी कथागीते टेम्पल यांनी १८६६ साली छापून काढली. नागपूरचे संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, तेही हिस्लॉप गेले त्याच १८६३ साली सुरू झाले. त्यांच्या शाळेतून पुढे १८८३ साली कॉलेज निघाले. टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट म्हणतात. नागपूरच्या तळ्यातल्या एका बारीक जिवाला मुंबईचे डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८५८ सालीच हिस्लोपिया हे नाव दिले होते.

चंद्रपूर जिल्ह्याची जमीन त्यांच्यानंतरही देतच राहिली. डोंगरगावच्या टेकडीतून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी एका लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा काढला. १९९७ साली त्याचे वर्णन झाले आणि २००३ साली संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसिसॉरस हे नाव मिळाले. लांबी सुमारे १८ मीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या ट्रॉलरएवढी. आणि अशा डायनोसॉरचे अंडे केवढे? मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक अंडे १५ ते १७ सेंटिमीटर. नारळाएवढे! एवढ्याशा अंड्यातून निघून १८ मीटर व्हायचे तर वाढायचे किती आणि कसे? याचे उत्तर मादागास्करमधून आले. तिथे याच कुळातील एका पिल्लाची हाडे मिळाली. २०१६ साली त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की ते अंड्यातून निघाले तेव्हा सुमारे साडेतीन किलोचे होते आणि दोन-अडीच महिन्यांच्या आतच, ४० किलोचे होऊन, दुष्काळात मेले. आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या पायांची ठेवण मोठ्यांसारखीच होती. माणसाचे मूल जन्मते तेव्हा डोके मोठे, पाय तोकडे, आईवाचून चालत नाही. हे पिल्लू मात्र पहिल्या दिवसापासून वासरासारखे आपल्या पायांवर हिंडत होते.

हाडाचा काप म्हणजे नवल वाटायला नको. घोळ किंवा ढोमा चिरताना डोक्यातून पांढरे खडे निघतात ना, त्यांतही थरावर थर असतात आणि मत्स्यशास्त्रज्ञ ते मोजून माशाचे वय सांगतात. डायनोसॉरच्या हाडातही वाढीच्या अशा रेषा असतात.

शेवटी हिस्लॉप यांच्या नावाची एक हकिगत राहिली. मलेरीच्याच थरांतून मगरीसारख्या एका प्राण्याचे तुकडे मिळाले होते. हा प्राणी मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ असत. १८८५ साली रिचर्ड लिडेकर यांनी त्याला पॅरासूकस हिस्लोपी असे नाव दिले. पण ज्या तुकड्यांवरून नाव दिले त्यांत दुसऱ्याच एका प्राण्याची हाडे मिसळलेली निघाली, आणि जो तुकडा खरा त्याचा होता तो इतका अपुरा की त्यावरून जात ओळखता येईना. शंभर वर्षांनी काही तज्ज्ञांनी हे नावच रद्द धरले. मात्र त्याआधी १९७८ साली शंकर चॅटर्जी यांनी मलेरीच्या थरांतून काढलेल्या दोन जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले होते. त्यांच्या पोटाच्या जागी त्यांनी खाल्लेल्या सरड्यासारख्या प्राण्यांची हाडेसुद्धा होती. चॅटर्जी यांनी प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज केला की जुन्या तुकड्याऐवजी यातला एक सांगाडा त्या नावाचा आधार मानावा. २००३ साली आयोगाने ते मान्य केले. मांगलीची कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. हा सांगाडा कोलकात्यात, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संग्रहात, हिस्लॉप यांच्याच नावाने ठेवलेला आहे.